एकटीने ४५ दिवस गाडीने युरोप: सव्वासहा लाखांत बसेल का?

घाटवळणे
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ४७, गाडी २२ वर्षं चालवतेय. स्पिती दोनदा एकटीने केलंय, कोकणात किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. लेक होस्टेलला गेली, नवऱ्याला १० दिवसांच्या वर सुट्टी मिळत नाही आणि घाट लागला की त्याला गाडी लागते, म्हणून पुढच्या मे-जूनमध्ये एकटीच निघायचं ठरवलंय. फ्रँकफर्टला उतरून गाडी भाड्याने घ्यायची, मग ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, फेरीने इटली, तिथले डोलोमाइट्स डोंगर, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि परत फ्रँकफर्ट. साधारण ६५०० किमी होतायत.

हिशोब असा मांडलाय (सगळं युरोत): गाडी रोज ३० प्रमाणे १३५०, पेट्रोल ७००, राहणं रोज ४५ प्रमाणे २०२५, खाणं रोज २० प्रमाणे ९००, टोल-बिल आणि किरकोळ ३००. बेरीज ५२७५. युरो १०३ धरला तर ५ लाख ४३ हजार. वर विमान, व्हिसा, विमा मिळून ८० हजार. म्हणजे ६ लाख २३ हजार.

कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा. पैसे माझेच आहेत, साठवलेले आहेत, पण ७ लाखांच्या पुढे जायची तयारी नाही.

मुक्कामपोस्ट
वाचतोय. खाली चटई टाकलीय.

नेकारकाठी
ताई, आधी दंडवत. मी ११ वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो त्यामुळे गाडीपुरतं सांगतो, बाकीचं लोक सांगतील.

रोज ३० मध्ये गाडी मिळते, नाही असं नाही, पण ती मॅन्युअल, सगळ्यात छोटी आणि विम्यात स्वतःच्या खिशाला हजार-दीड हजार युरोची तोशीस ठेवून. म्हणजे पार्किंगमध्ये खांबाला घासली तर त्या रकमेपर्यंत तुम्हीच भरायचं. शिवाय टायर, काच आणि गाडीचं पोट साध्या विम्यात बहुतेक वेळा येतच नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर दर बराच वाढतो. तुम्ही २२ वर्षं डाव्या हाताने गिअर टाकताय, तिकडे उजव्या हाताने टाकायचे, आणि पहिल्याच दिवशी ऑटोबान, म्हणजे जर्मनीचा महामार्ग. म्हणून माझं मत ऑटोमॅटिक घ्या. तोशीस कमी करणारा विमा धरून रोज ४५ ते ५० पकडा.

दुसरं, बुकिंग करताना कुठल्या देशांत नेणार ते लिहून द्यावं लागतं, काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात. तिसरं महत्त्वाचं, क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. माझा एक मित्र फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घेऊन काउंटरला उभा राहिला, तासभर वाद घातला, शेवटी बसने गेला.

घाटवळणे
बापरे. क्रेडिट कार्ड नवऱ्याचं आहे, माझं ॲड-ऑन. माझं नाव छापलेलं आहे पण, तेवढं पुरेल ना? लिमिट २ लाखच आहे.

नेकारकाठी
नाव छापलंय तर बहुतेक ठिकाणी चालतं, तरी त्या कंपनीला आधी मेल टाकून विचारा. लिमिट मात्र वाढवून घ्या. गाडीची अनामत कार्डावर ब्लॉक होते, हॉटेलवालेही ब्लॉक करतात, आणि माणूस नसलेल्या पंपावर ४० चं पेट्रोल भरण्याआधी १००-१५० अडकवून ठेवतात, ते सुटायला कधीकधी आठवडा जातो. पैसे गेलेले नसतात पण वापरताही येत नाहीत.

एसटीचा_पास
मुळात गाडी कशाला हेच कळलं नाही. युरोपात ट्रेन म्हणजे काय चीज आहे ठाऊक आहे ना? एकटं माणूस, मागच्या तीन सीट रिकाम्या, आणि ६५०० किमी पेट्रोल जाळायचं. याच पैशात रेल्वेचा पास काढून खिडकीत बसून निवांत जाता येतं.

डोंगरदादा
@एसटीचा_पास, धागा रोड ट्रिपचा आहे हो. मिसळीच्या हॉटेलात जाऊन इडली का नाही खात असं विचारताय तुम्ही.

एसटीचा_पास
मी बजेटबद्दलच बोलतोय. व्हिएन्नात गाडी घेऊन काय करणार? हॉटेलखाली उभी करणार आणि तिच्या उभं राहण्याचे दिवसाला २५-३० युरो भरणार. वर भाड्याचे ४५ चालूच. ट्रामने फिरायचं आणि गाडी नुसती सांभाळायची.

घाटवळणे
हे मात्र डोक्यात आलंच नव्हतं. पार्किंग मी "किरकोळ" मध्ये टाकलंय :(

ताळेबंद
"किरकोळ" हा शब्द बजेटमध्ये दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. (३० वर्षं हिशोब तपासतेय.)

बाई गं, पैशाचं मी सांगते. युरो १०३ धरू नकोस. बँक तुला बाजारभावाने देणार नाही, साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचा वरचा आकार) आणि त्यावर जीएसटी लागतो. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, त्यातलं एक आताच काढून ठेव. सगळा हिशोब १०८ ने कर, कमी लागले तर येताना चॉकलेट आण. तिकडे मशीन विचारतं रुपयांत कापू का युरोत, तेव्हा प्रेमात पडून रुपये दाबायचं नाही, कायम युरो. रुपयांवर बोट ठेवलं की तो दुकानदाराच्या बँकेचा दर लागतो आणि तो दर तुझ्या भल्याचा नसतो.

फॉरेक्स कार्डात पैसे भरताना टीसीएसची (परदेशी खर्चाच्या पैशांवर आगाऊ कापला जाणारा कर) भीती बाळगू नकोस, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही. त्याच्या वर लागला तरी रिटर्नमध्ये परत मिळतो.

आणि एकटीला खोली ४५ मध्ये? दोघं असतील तर ८० ची खोली ४० ला पडते. एकटं माणूस पलंगाच्या रिकाम्या बाजूचेही पैसे भरतं.

फोल्डिंग_खाट
खोली कशाला लागते म्हणतो मी. मी २०२३ मध्ये २६ दिवस फिरलो, त्यातले १२ गाडीत झोपलो. मागची सीट पाडायची, गादी टाकायची, खिडकीला काळं कापड. पहाटे पंपावर आंघोळ, ४ युरो. राहण्याचा खर्च जवळपास शून्य.

नेकारकाठी
@फोल्डिंग_खाट, जर्मनीत थकवा घालवायला एक रात्र गाडीत झोपलात तर कोणी काही म्हणत नाही. पण टेबल-खुर्ची बाहेर काढली की ते कॅम्पिंग झालं. क्रोएशियात समुद्रकाठी असं करू नका, तिथे कॅम्पसाइट सोडून कुठेही मुक्काम ठोकायला बंदी आहे आणि दंडात आठवडाभराच्या खोल्या येतील. इतरांनी तुमचं वाचून करू नये म्हणून लिहितोय, हलके घ्या.

फोल्डिंग_खाट
मी क्रोएशियात नव्हतोच. स्वीडनमध्ये होतो, तिथे निसर्गात फिरायचा, तंबू टाकायचा सगळ्यांना हक्क आहे. पण मान्य, सगळीकडे चालत नाही.

काळजीवाहू
ताई, राग मानू नका, पण एकट्या बाईने परक्या देशात, रात्रीबेरात्री... घरच्यांचं काय मत?

घाटवळणे
घरच्यांचं मत असं की येताना चीज आणायचं. काका, मी काझाच्या पुढे उणे १२ मध्ये एकटीने टायर बदललाय, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. धागा खर्चाचा आहे, त्यावर बोलूया. गाडीत मात्र झोपणार नाही, कंबर.

सरपट
ताई +१००

उंडगा
आता माझी कहाणी ऐका, कारण "किरकोळ" मध्ये हेही येतं. आम्ही टस्कनीत होतो, दुपारचं ऊन, एका सुंदर गावात हॉटेल. मॅप म्हणालं डावीकडे, घेतली डावीकडे. लाल वर्तुळाची पांढरी पाटी होती, इटालियनमध्ये काहीतरी लिहिलेलं, आम्हाला वाटलं जत्रा असेल. चुकलोय वाटून बाहेर पडलो, परत आत शिरलो, परत बाहेर, परत आत. पाच महिन्यांनी गाडीच्या कंपनीने कार्डातून तीनदा ४५ युरो कापले, तेही दंड नाही, आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याची फी! दंडाची पत्रं त्यानंतर आली, प्रत्येकी ८० च्या वर. रहदारी-बंदी क्षेत्र होतं ते, झेडटीएल म्हणतात. माणूस नसतो, कॅमेरा फोटो काढतो, आणि जितक्या वेळा शिराल तितके वेगळे दंड. एका वळणाचे पावणेचारशे युरो. बायको अजून त्या गावाचं नाव काढू देत नाही.

इटलीत जुन्या गावाच्या भिंतीबाहेर गाडी लावायची आणि बॅग ओढत आत जायचं. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर आधी नंबरप्लेट कळवा, ते नोंद करून देतात.

मुक्कामपोस्ट
जत्रा असेल =)) मेलो.

डोंगरदादा
टोलचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, स्वित्झर्लंडला विन्येट लागतं, म्हणजे ठरावीक मुदतीचा पास. ऑस्ट्रियाचं १० दिवसांचं १२-१३ युरो, स्लोव्हेनियाचं आठवड्याचं १६. स्वित्झर्लंडचं मात्र वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक, तुम्ही एक दिवस जा की अख्खं वर्ष. डिजिटल विन्येट नंबरप्लेटवर असतं, त्यामुळे गाडी हातात येईपर्यंत काढता येत नाही, हे विसरू नका. क्रोएशिया, इटली, फ्रान्समध्ये अंतराप्रमाणे टोल. झाग्रेब-स्प्लिट २५ च्या आसपास, पॅरिस ते नीस अख्खं गेलात तर ८० च्या घरात. आणि विन्येट असलं तरी काही बोगदे आणि घाट वेगळे पैसे घेतात, ब्रेनर घ्या, कारावांकेन घ्या. ग्रोसग्लोकनर घाटरस्त्याला तर ४० च्या वर मोजावे लागतात, पण तो मोजाच, त्याच्यासाठीच तर निघालात. मेच्या सुरुवातीला तो आणि इटलीतला श्टेल्व्हियो घाट बर्फाने बंद असू शकतात म्हणून डोंगर जूनमध्ये ठेवा. श्टेल्व्हियोच्या प्राटो गावाकडच्या बाजूला ४८ वळणं आहेत, प्रत्येकाला नंबर दिलेला. तुमच्या आयडीला शोभेल.

पेट्रोल: हायवेवर भरायचं नाही, खाली उतरून सुपरमार्केटच्या पंपावर भरायचं, लिटरमागे २०-३० सेंट सहज वाचतात. इटलीत एकाच पंपावर दोन दर असतात, "फाय दा ते" म्हणजे स्वतः भरा, "सेर्व्हितो" म्हणजे माणूस येऊन भरणार आणि जास्त घेणार. आणि फ्रान्समध्ये "गाझोल" म्हणजे डिझेल! पेट्रोल समजून माझ्या मेव्हण्याने पंपाचं पिस्तूल हातात घेतलंच होतं.

चकलीचे_पीठ
खाण्याबद्दल. रोज २० पुरतील, पण रोज हॉटेलात बसून नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, लिडल-आल्डी या सुपरमार्केटांतून भाजी, दूध, पाव, आणि इथून भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे. मी ३ आठवडे शाकाहारी राहिले, दुपारी फलाफल किंवा पिझ्झाचा तुकडा, रात्री थालीपीठ. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, शनिवारी भरून ठेवा. बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, रिकामी मशीनमध्ये टाकली की परत.

एक सांगते, तूप नेऊ नका! पेढे, बर्फी, चक्का काहीच नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

सरपट
थालीपीठ तुपाशिवाय? हा व्हिसा नाकारण्याइतका गंभीर मुद्दा आहे.

पायरी_हापूस
मग आंबे? मे महिना आहे म्हणून विचारतो.

चकलीचे_पीठ
तेही नाही, प्रमाणपत्राशिवाय फळं चालत नाहीत. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि तो वासाचा ड्युरियन यांना.

पायरी_हापूस
ड्युरियन चालतो आणि हापूस नाही. उठा ले रे बाबा.

(पुढचे सात प्रतिसाद पायरी श्रेष्ठ की हापूस यावर, संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

बोरिवली_स्लो
परत मूळ विषयावर. ताई, व्हिसा कोणाकडे मागताय? बरेच लोक जिथे उतरतात त्या देशाकडे मागतात. नियम असा की जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल. तुमच्या रूटमध्ये इटली जास्त वाटतंय. फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचे वेगळे, विमा किमान ३० हजार युरोचा. ४५ दिवसांची बुकिंगं दाखवावी लागतील तेव्हा फुकट रद्द होणारी घ्या.

आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) विसरू नका, आरटीओत हजार रुपये, वर्षभर चालतो. इटलीत अडवलं तर नुसतं आपलं लायसन दाखवून भागणार नाही.

डुब्रोव्हनिकला जाणार असाल तर पूर्वी मध्ये बोस्नियाचा तुकडा लागायचा. २०२२ च्या जुलैपासून पेल्येशाट्स पूल झालाय, बोस्नियात न शिरता जाता येतं. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि युरोवरही आलाय, म्हणजे जुने ब्लॉग वाचून कुना (तिथलं जुनं चलन) बदलायला जाऊ नका.

घाटवळणे
खरं सांगू का, मी कुना शोधत होते. :D

एसटीचा_पास
माझा मुद्दा अजून तिथेच आहे बरं का. गाडी डोंगरात, ट्रेन शहरात.

ताळेबंद
पासभाऊंचा पहिला प्रतिसाद खडूस होता पण हिशोब बरोबर आहे. घाटवळणे, तुझ्या ४५ दिवसांपैकी गाडी खरंच चालणार किती दिवस ते मोज. उभ्या गाडीचे दिवस कमी कर.

घाटवळणे
चार दिवस गप्प होते कारण वही घेऊन बसले होते. व्हिएन्ना, स्प्लिट, व्हेनिस, झुरिक, पॅरिस मिळून १७ दिवस गाडी नुसती उभी राहणार होती! भाडं आणि पार्किंग धरून नुसत्या उभ्या गाडीचे हजाराच्या वर युरो.

मग सगळं मोडून परत मांडलं. म्युनिकला उतरायचं, २४ दिवस गाडी: साल्झबुर्ग, ग्रोसग्लोकनर, स्लोव्हेनियाची सोचा नदी, क्रोएशियाचं इस्त्रिया (खाली स्प्लिटपर्यंत जात नाही, रडत रडत काढलं), डोलोमाइट्स, श्टेल्व्हियो, परत म्युनिक. गाडी देऊन टाकायची. मग १० दिवस ट्रेनने स्ट्रासबुर्ग आणि पॅरिस, तिथूनच विमान. स्वित्झर्लंड कटाप, तीन दिवसांसाठी ४० फ्रँक आणि तिथल्या खोल्या परवडत नाहीत.

ऑटोमॅटिक गाडी विम्यासकट रोज ४८ प्रमाणे ११५२. ४२०० किमीचं पेट्रोल ४८०. टोल, विन्येट, घाट १७०. पार्किंग १५०, आता वेगळ्या ओळीत, ताळेबंदताई. ट्रेन आणि शहरातले पास २२०. राहणं ३४ रात्री सरासरी ५८ ने १९७२, त्यात शहरात होस्टेल आणि डोंगरात खोली. खाणं २२ ने ७४८. रोपवे, म्युझियमं ३५०. अडीअडचणीला ४००, उंडगांचं स्मरण करून. बेरीज ५६४२, १०८ ने ६ लाख ९ हजार, अधिक ते ८० हजार. म्हणजे ६ लाख ८९ हजार.

मुक्कामपोस्ट
दिवस ११ कमी झाले आणि पैसे ६६ हजार वाढले. याला म्हणतात इथे सल्ला मागणे.

उंडगा
अहो पण आधीचे ६ लाख २३ हजार खोटे होते. हे खरे आहेत.

नेकारकाठी
आता पटतंय. फक्त म्युनिकला गाडी विमानतळावर घेता की गावात ते बघा, विमानतळावर घेतली तर अधिभार लागतो. पण पहिल्याच दिवशी शहरातून चालवायची नसेल तर तो भरलेला बरा. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकाच्या रिमसकट. आणि काचेमागे निळी पार्किंग डिस्क आहे का बघा, बऱ्याच गावांत दोन तास फुकट असतात पण आल्याची वेळ त्या डिस्कवर लावून ठेवावी लागते. नाहीतर २ युरोची विकत घ्या.

फोल्डिंग_खाट
५८ सरासरी डोलोमाइट्समध्ये जूनअखेर अवघड आहे. खाली दरीत, गावापासून २०-२५ किमी लांब शोधा, गाडी आहेच. कॅम्पसाइटवर लाकडी खोपट्या पण मिळतात, त्यात कंबरेला त्रास नाही.

घाटवळणे
हे बेस्ट. शोधते. आजच आरटीओचं बघायला बसतेय.

आणि एक बातमी. नवऱ्याने अख्खा धागा वाचला, आंब्यांच्या भांडणासकट. म्हणतोय, गाडी परत केलीस की शेवटचे १० दिवस मी येतो, ट्रेनमध्ये मला लागत नाही.

ताळेबंद
म्हणजे १० रात्री खोलीचं भाडं दोघांत. वही उघड, परत मांडायला घे.

पायरी_हापूस
त्यांना म्हणावं येताना नारळ घेऊन या, चालतो.